मदत हवी आहे : ऑप्टिकल एन्कोडरच्या वाचनातील आवर्ती त्रुटी

नमस्कार. आमच्या मोजमापाच्या टेबलावर ऑप्टिकल एन्कोडर, म्हणजे प्रकाशाने रेघा वाचून टेबलाचे स्थान सांगणारे उपकरण, बसवलेले आहे : २० मायक्रॉन अंतराने रेघा असलेली काचेची पट्टी आणि त्या रेघा वाचून साइन-कोसाइन असे दोन लहरींसारखे संकेत देणारे रीडहेड. लेझर इंटरफेरोमीटरशी (प्रकाशलहरींच्या साहाय्याने अंतर अचूक मोजणाऱ्या उपकरणाशी) पडताळणी केली असता वाचनात दर २० मायक्रॉनला एकदा येणारी त्रुटी दिसते. ऑसिलोस्कोपवर दोन्ही संकेत एकमेकांसमोर मांडल्यावर वर्तुळ अगदी गोल उमटते, मात्र त्याचा मध्य शून्यावर नसून किंचित उजवीकडे सरकलेला असतो. संकेतांच्या उंचीत फरक असता किंवा त्यांच्यातील ९० अंशांचे कलांतर (एक संकेत दुसऱ्यापेक्षा पाव आवर्तन मागे असणे) बिघडले असते, तर लंबवर्तुळ दिसले असते आणि त्रुटी एका आवर्तनात दोनदा आली असती. म्हणून माझा संशय डीसी ऑफसेटवरच, म्हणजे संकेतात मिसळलेल्या स्थिर जादा विद्युतदाबावरच आहे. (काच तापमानाच्या दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ८ मायक्रॉन प्रसरण पावते, ती दुरुस्ती आम्ही आधीच करतो.)

हा ऑफसेट रीडहेडची पट्टीपासूनची फट व तिरकेपणा पुन्हा जुळवून घालवावा, की संकेत डिजिटल झाल्यावर गणिताने वजा करावा? टेबल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना वर्तुळाचा मध्यही थोडा हलतो, त्यामुळे एकच स्थिर आकडा वजा करणे मला पुरेसे वाटत नाही. चालत्या टेबलावर सतत दुरुस्ती करण्याची पद्धत कोणी वापरली असल्यास, अगदी मंद गतीत ती कितपत विश्वासार्ह ठरते, हे कृपया सविस्तर सांगावे.