आईसाठी वृद्धाश्रम बघतोय (रत्नागिरी/कुडाळ): रात्री माणसं पुरेशी आहेत का, हे कसं ओळखायचं?

ठाणेकर_७२:
आई ७९ वर्षांची. खुब्याचं ऑपरेशन झालंय, आधाराशिवाय उभी राहत नाही. रात्री डायपर, दोन वेळा इन्सुलिन. दोन ठिकाणं पाहिली. रत्नागिरीजवळचं महिना २२,०००, तिथे २४ जण. कुडाळजवळचं १८,०००, तिथे ११ जण. दोन्हीकडे "स्टाफ भरपूर आहे" एवढंच उत्तर मिळतं. भरपूर म्हणजे किती? नेमकं काय विचारू? बजेट २२,००० च्या वर जाणार नाही, कृपया त्यातलंच सांगा.

घाटमाथा:
पुण्याला न्या. ४०,००० पासून पुढे जागा मिळतील, चोवीस तास जीएनएम (नर्सिंगची पदविका झालेली) सिस्टर, फिजिओ, दारात अँब्युलन्स. आईच्या बाबतीत पैशाकडे बघू नये.

खाडीकाठ:
घाटमाथा, बजेट लिहिलंय त्यांनी. शिवाय महिन्यातून दोनदा भेटायला कुणी गेलं नाही तर ४०,००० वाल्या जागेतही लक्ष कमीच होतं. माझं मत, घरीच ठेवा. दिवसाची एक, रात्रीची एक अशा दोन बायका.

मेट्रन_निवृत्त:
घरी ठेवलं तरी हिशोब तोच, म्हणून आधी हिशोब बघा. आठवड्यात आठ तासांच्या २१ पाळ्या. एक बाई सहा करते. म्हणजे एक जागा अखंड भरायची तर साडेतीन बायका, रजा-आजारपण धरून चार. दोघी कायम हव्या असतील तर पगारावर आठ. २४ जणांमागे काळजी घेणाऱ्या सहाच असतील, तर कुणीतरी बारा-बारा तास ओढतंय किंवा रात्र रिकामी जातेय.

"स्टाफ किती" असं विचारूच नका. स्वयंपाकीण, माळी, वॉचमन सगळे त्यात मोजले जातात. विचारा: रात्री दोन वाजता जागं कोण असतं? त्यात नोंदणी असलेली सिस्टर आहे का? अंथरुणाला खिळलेले किती?

समजा असे दहा जण आहेत. दर दोन तासांनी कूस बदलायची, डायपर बघायचा, चादरीची सुरकुती काढायची. दोघींना मिळून एकामागे आठ-दहा मिनिटं, म्हणजे एका फेरीला दीड तास. पुढची फेरी सुरू व्हायला अर्धा तास उरतो, त्यातच कुणाची बेल, कुणाचा खोकला. एकटी असेल तर तिला उचलता येत नाही, ती ओढते. माकडहाडावरची कातडी चादरीला घासते आणि बेडसोर (पडून राहून होणारी जखम) तिथून सुरू होतो. एअर मॅट्रेस असली तरी कूस बदलावीच लागते.

कुडाळी_माणूस:
रात्री कोण जागा आसता ता आधी इचारा. बाकी सगळा मागसून.

देवगड_बाग:
मेट्रनबाईंना अनुमोदन. त्यात एक घाला: गणपतीच्या आठवड्याचा आणि शिमग्याचा ड्युटी चार्ट मागा. स्थानिक मावश्या तेव्हा घरी जाणारच, एप्रिल-मेमध्ये बागेची कामंही निघतात. बदली कोण होतं ते नावानिशी दाखवता आलं नाही तर स्टाफ फक्त तोंडी आहे.

अवांतर: आईला मासे लागतात का? बऱ्याच ठिकाणी शाकाहारीच असतं. जेवण उतरत नाही आणि मग वजन उतरतं.

घाटमाथा:
ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ पासून माणशी दिवसाला सरासरी २१५ मिनिटं काळजी असा नियम आहे, त्यातली ४४ नोंदणीकृत नर्सची. २४ जणांना ८६ तास, म्हणजे रोज जवळपास ११ पाळ्या. कोकणात कुठे दाखवा. म्हणून म्हणतो पुणे.

खाडीकाठ:
पुण्यात तरी दाखवा! अमेरिकेत २०२४ मध्ये माणशी दिवसाला ३.४८ तासांचा नियम आणला, २०२५ मध्ये कोर्टाने तो रद्द केला. त्यापेक्षा सीसीटीव्ही आहे का ते विचारा.

मेट्रन_निवृत्त:
सीसीटीव्ही कूस बदलत नाही. कूस बदलल्याचा तक्ता बघा. १०, १२, २, ४, ६ असं एकाच पेनाने, एकसारख्या अक्षरात असेल तर तो सकाळी सहाला बसून भरलेला आहे. खऱ्या तक्त्यात १२:२० असतं, २:३५ असतं, मध्येच "जुलाब, दोनदा बदललं" असतं, सह्या दोन हातांच्या असतात.

जेवणाच्या वेळीही जा. भरवावं लागणाऱ्याला अर्धा तास लागतो. एका मावशीकडे असे पाच असतील तर ती घाई करते, आडवं ठेवूनच भरवते आणि ठसका लागून घास फुप्फुसात जातो. ठसका लागणाऱ्याला पातळ पेज देऊ नये, दाट करून द्यावी, आणि नंतर अर्धा तास बसतं ठेवावं.

वाशिष्ठीकाठ:
तळमजल्यावर खाटा किती आणि पुराच्या रात्री वर नेणारे हात किती? चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पाणी पहाटे चढलं. एका खिळलेल्या माणसाला जिन्याने न्यायला निदान चौघं लागतात. इन्सुलिनचंही विचारा: न उघडलेली बाटली २ ते ८ अंशात राहायला हवी, पावसात वीज दिवसभर जाते. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. हे रात्रीच्या मावशीला न अडखळता सांगता आलं पाहिजे. मी असतो तर रत्नागिरी निवडलं असतं, मोठं हॉस्पिटल जवळ.

देवगड_बाग:
रत्नागिरीच. आणि गणपतीचा चार्ट मागायला विसरू नका.

कुडाळी_माणूस:
आमचा कुडाळ आसा तरी माझा मत रत्नागिरीच.

ठाणेकर_७२:
सगळ्यांचे आभार. दोन्हीकडे न सांगता रात्री साडेआठला गेलो. रत्नागिरीत २४ पैकी ९ खिळलेले, रात्री दोघी, त्यातली एक स्वयंपाकघरातून आलेली. तक्ता एकाच पेनाचा. कुडाळला ११ पैकी ३ खिळलेले, रात्री एकच मावशी, सिस्टर आठला घरी जाते. पण तक्त्यात २:३५ होतं. संध्याकाळचं इन्सुलिन सिस्टर स्वतः देऊन जाते, साखर उतरली तर काय करायचं ते मावशीने बरोबर सांगितलं.

कुडाळ ठरवलं. उरलेले ४,००० आणि तिथल्याच आणखी दोन कुटुंबांचे तेवढेच, असे १२,००० देऊन रात्री दहा ते सहा दुसरी मावशी ठेवायचं चालकांनी मान्य केलंय.

खाडीकाठ:
घरीच बरं होतं.

मेट्रन_निवृत्त:
तिचं नाव ड्युटी चार्टवर लेखी घ्या, नाहीतर महिन्याभरात ती दिवसाच्या पाळीत ओढली जाईल. आई तिथे राहायला लागल्यावर दर भेटीला टाचा आणि माकडहाड स्वतः बघा. लाल जागेवर बोट दाबून सोडा. पांढरी होऊन परत लाल झाली तर ठीक, दाबूनही लालच राहिली तर बेडसोर सुरू झालाय, त्याच दिवशी सांगा. आणि ती सहा रात्री करेल. सातव्या रात्री कोण?

ठाणेकर_७२:
हे विचारलं नव्हतं. आत्ता फोन करतो.