मदत हवी आहे : दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनाममधलं ह्वे, आईबाबांसोबत

अबोली_सांगली

नमस्कार मंडळी,

व्हिएतनामवरचे इथले जुने धागे वाचून काढले. सगळे हनोई, हालोंगच्या बोटी आणि दा नांगच्या त्या दोन हातांवर तोललेल्या पुलाभोवती फिरतात. आम्हाला जायचंय ह्वेला. (इंग्रजीत एच-यू-ई लिहितात ते. कुणी ह्यू म्हणतं, कुणी हुए. बरोबर काय तेही सांगा.)

कारण आमचे बाबा. वय ७२, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. निवृत्तीनंतर जुन्या राजधान्या बघायच्या असं त्यांनी ठरवलंय. हंपी, मांडू, बिदर झालं. आता न्गुयेन घराण्याची राजधानी. १९४५ साली शेवटच्या बादशहाने जिथे उभं राहून राज्य सोडलं तो दरवाजा त्यांना बघायचाय, बाकी काही नाही बघितलं तरी चालेल म्हणतात. आई ६७, डावा गुडघा कुरकुरतो, पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, लसूण-कांदा मात्र चालतो. मुलगा ११ वर्षांचा. त्याला इतिहासाचं सोयरसुतक नाही, पण तोफ दिसली की पळत येतो. नवऱ्याला रजा मिळाली तर तोही.

बेत असा: पाडवा-भाऊबीज उरकली की मुंबईहून हनोई, तिथे दोन दिवस, मग ह्वे, मग दा नांग आणि होइ आन, परत. तिकिटं अजून काढलेली नाहीत. ट्रॅव्हलवाले म्हणतात ह्वे दा नांगहून एका दिवसात उरकतं, मुक्काम कशाला? खरंय का? आईच्या जेवणाचं काय करायचं? पायऱ्या किती आहेत? व्हिसा आपला आपण काढता येतो का?

प्रश्न फार झाले, सांभाळून घ्या. आगाऊ धन्यवाद.

घाटमाथा

दिवाळीत? ह्वेला? नका जाऊ. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं नंतर.

मध्य व्हिएतनामचा पाऊस आपल्या उलट चालतो. आपला मान्सून परतला की त्यांचा सुरू होतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे तिथले सगळ्यात ओले महिने. कोकणाचं चित्र आरशात बघा. आपल्याकडे नैऋत्येचा वारा अरबी समुद्रातून येऊन सह्याद्रीला धडकतो, त्यांच्याकडे ईशान्येचा वारा पूर्वेच्या समुद्रावरून येऊन त्रुओंग सोनच्या रांगेला धडकतो. ह्वे बरोबर त्या डोंगरांच्या पायथ्याशी, नदीकाठी, सखल जागेत. २०२५च्या ऑक्टोबरअखेर ह्वेजवळच्या बाख मा शिखरावर २४ तासांत १,७३९ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. २६ जुलै २००५ला मुंबईत ९४४ पडला होता, म्हणजे अंदाज करा. शहर पाण्यात होतं.

तुमचे बाबा दरवाजा बघतील, पण होडीतून.

शेवंती

घाटमाथांना दुजोरा. आम्ही एका नोव्हेंबरात गेलो होतो. पहिल्या संध्याकाळी रिमझिम, फार रोमँटिक वगैरे. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या पायरीला पाणी लागलेलं. समोरचा दुकानदार अगदी शांतपणे स्कूटर वरच्या मजल्यावर चढवत होता, जणू रोजचंच. दोन दिवस खोलीत बसून पत्ते कुटले, आणि पुढच्या गाडीचे पैसे बुडाले ते वेगळेच. इतकं सुंदर शहर आणि मी त्याची फक्त एक गल्ली बघितली.

अबोली_सांगली

अरे देवा. हे एकाही ट्रॅव्हलवाल्याने सांगितलं नाही! उलट 'दिवाळी स्पेशल' म्हणून गळ्यात मारत होते. मग कधी जायचं? मे महिना? मुलाची शाळा आहे हो.

घाटमाथा

मे ते ऑगस्ट भाजून निघाल, पारा चाळिशीला टेकतो. फेब्रुवारी मध्य ते एप्रिल उत्तम. फक्त त्यांचं नववर्ष, तेत, टाळा. ते चांद्र पंचांगाप्रमाणे जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी मध्य यात कधीतरी येतं. दुकानं बंद, आख्खा देश गावी निघालेला, रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत. आपल्या गणपतीतली कोकण रेल्वे आठवा. मुलाची परीक्षा संपली की एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात निघा.

कानामात्रा

उच्चार 'ह्वे' असाच, ओठ गोल करून, एका झटक्यात. 'थुआन ह्वा' हे त्या प्रांताचं जुनं नाव, त्यातल्या 'ह्वा'चं झालं ह्वे, असं मानतात. रिक्षावाल्याला 'ह्यू' म्हणालात तरी कळतं, काळजी नको.

जुनी_पायवाट

एका दिवसाच्या सहलीबद्दल. दा नांग ते ह्वे साधारण १०० किलोमीटर. एका दिवसात जाऊन-येऊन करणारे पाच तास गाडीत बसतात आणि किल्ला नेमका भर दुपारी बघतात. तुमच्या बाबांसारख्या माणसावर हा अन्याय आहे. कमीत कमी दोन रात्री ठेवा.

पहिला दिवस फक्त किल्ल्याला. बाहेरच्या तटाचा घेर जवळजवळ १० किलोमीटर, त्याच्या आत राजवाड्यांची तटबंदी, त्याच्या आत खासगी महाल, असे तीन पदर. बाहेरचा तट फ्रेंच पद्धतीचा, बाहेर आलेल्या टोकदार बुरुजांचा. आपल्या गडांचे गोल बुरुज बघितलेल्या माणसाला तो आधी ओळखूच येत नाही. बाबांचा दरवाजा म्हणजे न्गो मोन, बांधला १८३३ साली. खाली पाच वाटा, मधली फक्त बादशहाची. वर सज्जा आहे, तिथे ३० ऑगस्ट १९४५ला बाओ दाईने पदत्याग केला. सकाळी उघडल्या उघडल्या जा, अर्धा तास तरी तो सज्जा तुमचाच असतो.

मुलाला सांगा, इथे नऊ तोफा आहेत, प्रत्येक पाच मीटरच्या आसपास लांब. चार ऋतू आणि पंचतत्त्वं अशी त्यांची नावं. तै सोन या आधीच्या राजवटीला हरवल्यावर त्यांचीच काशाची भांडीकुंडी आणि हत्यारं वितळवून पहिल्या बादशहाने, म्हणजे जा लोंगने त्या ओतवल्या, आणि लढाईत एकदाही उडवल्या नाहीत. मुलगा निराश होईल तो भाग वेगळा. बाबांना मात्र 'थे मिएउ' देवळापुढचे नऊ काशाचे कुंभ दाखवा. १८३५ ते ३७ दरम्यानचे आहेत. सगळ्यात मोठा अडीच मीटर उंच आणि अडीच टनांहून जड. त्यांच्या अंगावर डोंगर, नद्या, झाडं, मासे, होड्या, शस्त्रं अशी १५३ चित्रं कोरलीत. देशाचा भूगोलच तो! मी तिथे दीड तास होतो, बायको वैतागून चहा प्यायला गेली.

बिनधास्त_बंडू

मी जरा वेगळं बोलतो. ह्वेचा किल्ला ओव्हररेटेड वाटला. आत गेलं की मोकळी मैदानं, आणि जे उभं आहे त्यातलं बरंच अलीकडे बांधलेलं. अर्धा दिवस पुरे. त्यापेक्षा होइ आनला एक रात्र वाढवा.

जुनी_पायवाट

बंडूशेठ, ती मैदानं का आहेत ते बघायलाच तर जायचं. १९४७च्या लढाईत आतले महाल जळाले. १९६८च्या तेतला उत्तरेच्या सैन्याने शहर घेतलं, अमेरिकन आणि दक्षिणेच्या फौजांनी महिनाभर गल्लीगल्लीत लढून परत घेतलं. तटाच्या भिंतीवर गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात. नव्याने बांधलेलं म्हणाल तर कबूल. किएन चुंग महाल २०२४मध्ये उघडला, थाइ ह्वा हा सिंहासनाचा महाल दुरुस्त होऊन त्याच वर्षी नोव्हेंबरात. लाखेचा लाल-सोनेरी रंग इतका झगझगीत की नवा बंगला वाटतो, हे खरं. पण बाबांनी हंपी बघितलंय. पडक्या जोत्यावर उभं राहून महाल मनात बांधता येणाऱ्या माणसाला कंटाळा येत नाही.

आईंसाठी किल्ल्यात विजेवर चालणाऱ्या गाड्या मिळतात, त्या घ्या. दुसऱ्या दिवशी बादशहांच्या समाध्या, चालकासकट गाडी ठरवून. समाधी म्हणजे एक छत्री आणि चौथरा समजू नका, मोठाले बाग-महाल आहेत. तु दुकची आईंना आवडेल: तळं, पाइनची झाडं, पाण्यावरचा मंडप, सावली. हा बादशहा हयातीतच तिथे राहायला जायचा. मूलबाळ नाही, म्हणून स्वतःच्या कारकिर्दीचा शिलालेखही स्वतःच लिहिला, आणि त्यात स्वतःच्या चुका कबूल केल्या. त्याला नेमकं कुठे पुरलं ते आजतागायत ठाऊक नाही. खाइ दिन्हच्या समाधीला मात्र १२७ पायऱ्या, आणि त्या चढल्याशिवाय आतलं काचा-चिनीमातीचं नक्षीकाम दिसत नाही. आई खाली शहाळं पीत बसतील, बाकीच्यांनी वर जा. मिन्ह मांगची मला सगळ्यात आवडते, पण चालणं बरंच आहे.

आम्ही गेलो तेव्हा किल्ल्याचं तिकीट दोन लाख डोंग आणि एकेका समाधीचं दीड लाख होतं. सगळ्यांचं एकत्र तिकीट स्वस्त पडतं.

अबोली_सांगली

दोन लाख!! बाबांना हा आकडा आधी सांगत नाही. :)

वरणभात_तूप

आकड्याला घाबरू नका. एका रुपयाला साधारण ३०० डोंग. शेवटची तीन शून्यं पुसा आणि सव्वातीनने गुणा, म्हणजे दोन लाख म्हणजे साडेसहाशे रुपये. घाबरायचं ते नोटांना: वीस हजाराची आणि पाच लाखाची, दोन्ही निळसर. संध्याकाळच्या उजेडात मी शहाळ्यासाठी पाच लाखाची दिली होती. बाईंनी हसून परत केली, सगळ्याच करतील असं नाही. पाच लाखाच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा.

आता जेवण, माझा आवडता विषय. व्हिएतनाममध्ये शाकाहाऱ्याने कुठे जावं असं विचारलं तर मी ह्वेच सांगेन. बौद्ध मठांचं गाव, त्यामुळे शाकाहारी खानावळी भरपूर. पाटीवर 'चाय' असं लिहिलेलं असतं. त्यांच्या भाषेत चाय म्हणजे शाकाहार, चहा नव्हे! चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला तिथले पुष्कळ लोक चाय खातात, त्या दिवशी बाजारातही पर्याय वाढतात. पंचांग बघून मुक्काम ठेवा, आईंना गंमत वाटेल.

'तोय आन चाय', म्हणजे मी शाकाहारी, हे एवढं पाठ करा. पण ते साध्या हॉटेलात बोलून भागत नाही. तिथे भाज्या दिसल्या तरी वरून 'नुओक माम' पडतं, ते माशांचं. ह्वेत त्यात कोळंबीच्या वाटणाची भर. शिवाय शहराचं प्रसिद्ध 'बुन बो' म्हणजे गोमांसाचं नूडल सूप, नुसतं 'ह्वे स्पेशल' म्हणून मागवू नका. चाय खानावळीत मात्र त्याचाच गवती चहा घातलेला शाकाहारी अवतार मिळतो, झकास. आणि 'बान्ह बेओ': वाटीएवढ्या बशीत वाफवलेल्या तांदळाच्या मऊ चकत्या. आई म्हणतील, ही तर आपली इडली, फक्त आंबवलेली नाही. तीही चायच्याच दुकानात घ्या, एरवी वर कोळंबीचा चुरा असतो.

एक इशारा. चाय खानावळीत सोयाची कोंबडी आणि कोळंबी इतकी हुबेहूब करतात की आमच्या सासूबाई ताट सोडून उठल्या होत्या. आईंना आधी कल्पना द्या. अंड्याला 'चुंग' म्हणतात, ते विचारून घ्या. लसूण-कांदा चालतो म्हणालात, पण कडक मठवाल्या ठिकाणी तोही नसतो, म्हणून चव मिळमिळीत वाटेल. आम्ही मेतकूट आणि लसणीची चटणी नेली होती.

लेणीवेडा

उशिरा आलो. बाबा इतिहासाचे आहेत म्हणून लिहितो, कारण हे टूरवाले सांगणार नाहीत.

ह्वे हे मुळात व्हिएतनामी शहर नव्हे. हा सगळा पट्टा चंपा राज्याचा, म्हणजे शिव पुजणाऱ्या, संस्कृतात शिलालेख कोरणाऱ्या चाम लोकांचा. १३०६ साली दाइ व्हिएतची, म्हणजे उत्तरेकडच्या व्हिएतनामी राज्याची, राजकन्या हुएन चान चंपाच्या जयसिंहवर्मन राजाला दिली, आणि त्या बदल्यात राजाने दोन प्रांत दिले. तेच पुढे कानामात्रा म्हणाले ते थुआन ह्वा. (आपल्याकडे मुंबई बेट पोर्तुगीजांनी हुंड्यात दिलं, इथे जावयानेच मुलूख दिला.)

शहराबाहेर समुद्राकडे फू दिएनला चामांचं विटांचं देऊळ आहे. वाळूच्या टेकडीखाली गाडलं गेलं होतं, २००१मध्ये सापडलं. साधारण आठव्या शतकातलं. लहानसं आहे, गर्दी नाही. आणि ह्वेतून वाहणाऱ्या सुगंधी नदीच्या काठी होन चेन नावाचं देऊळ आहे, तिथली देवी थिएन या ना म्हणजे चामांची पो नगर, जिला शिलालेखांत भगवती म्हटलंय. होडीने जाता येतं, पण पायऱ्या आहेत.

दा नांगचं चाम शिल्पांचं संग्रहालय चुकवू नका, आणि तिथून 'मी सोन' नावाचं ठिकाण गाठा. चंपाचा राजा भद्रवर्मन याने चौथ्या शतकात स्थापलेल्या भद्रेश्वराची, म्हणजे शिवाची, जागा. अमेरिकन बॉम्बनी १९६९मध्ये तिथलं सगळ्यात मोठं देऊळ पाडलं. अलीकडे आपल्या पुरातत्त्व खात्याने काही देवळांचं जतन केलं. ते चालू असताना २०२०मध्ये एकसंध दगडाचं शिवलिंग निघालं. आपल्या लोकांचं काम बघून बाबांना बरं वाटेल.

घाटमाथा

व्हिसाचं राहिलं. ई-व्हिसा आपला आपण काढता येतो. एकदाच प्रवेश २५ डॉलर, अनेकदा ५०, ९० दिवसांपर्यंत. सरकारी संकेतस्थळाच्या शेवटी 'गव्ह डॉट व्हीएन' असतं. हुबेहूब सरकारी दिसणारी दलालांची पानं शोधात वर येतात, तिथे दुप्पट-तिप्पट घेतात. नाव पारपत्रावर जसं आहे तसंच, वडिलांच्या नावासकट. माझ्या बहिणीच्या जन्मतारखेत एक आकडा चुकला, पैसे परत मिळाले नाहीत, नवा अर्ज करावा लागला. निघायच्या तीन आठवडे आधी करा.

हनोईहून ह्वेला रात्रीची गाडी १३-१४ तास घेते. गुडघा असेल तर विमानानेच जा, फू बाइ विमानतळ शहरापासून १५ किलोमीटरवर. पण ह्वे ते दा नांग मात्र रेल्वेनेच, सकाळच्या गाडीने, डाव्या बाजूच्या खिडकीत. हाय वान घाटात रूळ समुद्राला चिकटून जातात. मोटारी बोगद्यातून जातात, त्यांना काही दिसत नाही.

अबोली_सांगली

किती लिहिलंत सगळ्यांनी! घरी मोठ्याने वाचून दाखवलं. दिवाळी रद्द, एप्रिलचा पहिला आठवडा पक्का. ट्रॅव्हलवाल्यांना नको म्हणून कळवलं. जावयाने मुलूख दिला यावर बाबा अर्धा तास बोलले. आई म्हणाली, सोयाची कोंबडी आधीच सांगितली ते बरं केलं.

आता बाबा म्हणतात ह्वेला तीन रात्री ठेवू, फू दिएन आणि होन चेनसाठी. होइ आनची एक कमी करायची का?

लेणीवेडा

हनोईची कमी करा.

शेवंती

होइ आनला हात लावू नका हो! हनोईचीच करा. आणि अबोलीताई, परत आलात की न्गो मोनच्या सज्जातला बाबांचा फोटो इथे टाका, मी तो दरवाजा अजून बघितलेला नाही.