बी विंगची तीनचाकी (सोसायटी ग्रुप, नागपूर)

कुळकर्णी काका ए-१०२: नमस्कार. दुपारी पावणेतीनला पार्किंगमध्ये पुन्हा तीनचाकी. खडखड, खडखड. कोणाचं मूल ते सगळ्यांना माहीत आहे, नाव घेत नाही. पार्किंग ही खेळाची जागा नाही, हे सर्वसाधारण सभेत ठरलेलं आहे.

प्राजक्ता बी-३०१: नाव घ्या की काका. आमचाच अर्णव. लाइट गेली, लिफ्ट बंद. मला सातवा चालू आहे, साडेतीन वर्षांचं पोरगं कडेवर घेऊन तीन मजले कशी चढू? आणि गार्डनमधल्या पत्र्याच्या घसरगुंडीला चार वाजता हात लावून बघा एकदा.

बोंडे भाऊ सी-२०४: *फॉरवर्डेड* नागपूर ५६ अंश!!! घराबाहेर पडू नका!!!

निखिल सी-४०२: भाऊ, ही २०२४ ची बातमी. सेन्सर बिघडला होता, हवामान खात्यानंच सांगितलं. खरा रेकॉर्ड २०१३ चा, ४७.९.

बोंडे भाऊ सी-२०४: मले काय माहीत बाप्पा, आलं ते टाकलं. गरम तर होऊनच राहिलं ना 😄

वाघमारे काकू बी-१०३: प्राजक्ता, जेवणाच्या टेबलावर ओली चादर टाक, कूलर समोर. तंबू होते. पोट्टं तासभर हलत नाही. खिडकी उघडी ठेव, नाहीतर नुसती चिकचिक. अन् तू कैरीचं पन्हं पी.

देशमुख वहिनी ए-३०१: पन्ह्यात साखर किती असते! शुगर तपासल्याशिवाय नको हं.

वाघमारे काकू बी-१०३: मी तीन लेकरं याच गावात, याच उन्हात काढली.

देशमुख वहिनी ए-३०१: काकू, तुम्हाला नाही म्हटलं 🙏

कुळकर्णी काका ए-१०२: मूळ मुद्दा: पार्किंग ही खेळाची जागा नाही.

सीमा ए-४०१: प्राजक्ता, नर्स म्हणून सांगते. तहान लागायची वाट बघू नकोस. पाणी कमी पडलं की पोट कडक व्हायला लागतं. तसं झालं तर पाणी पिऊन डाव्या कुशीवर पड. थांबलं नाही, किंवा बाळ कमी हलतंय असं वाटलं, तर संध्याकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन.

प्राजक्ता बी-३०१: हो ताई. कुशीवर पडण्याचाच खेळ केलाय. मी पेशंट, तो डॉक्टर. पोटाला लाटणं लावून म्हणतो, "बाळाला कूलर पाहिजे." वीस मिनिटं निघतात. मग भेंडीचे ठसे, मग घमेल्यात पाणी अन् बर्फात गोठवलेली गाडी. तीन वाजले की माझं डोकं रिकामं.

देशमुख वहिनी ए-३०१: बर्फ नको गं, घसा धरतो.

निखिल सी-४०२: वहिनी, तो बर्फ खात नाहीये 😂 प्राजक्ता, मेट्रो. सीताबर्डीहून ऑटोमोटिव्ह चौकाकडे न्या. गाडीत एसी, बसायला जागा. गड्डीगोदामला नशीब असलं तर खालून आगगाडी जाताना दिसते. आमची पोरगी अजून तेच सांगत असते. फक्त सकाळी दहाच्या आत परत या.

देशमुख वहिनी ए-३०१: मुलाचे बाबा कुठे असतात दिवसभर?

प्राजक्ता बी-३०१: मिहानला, ड्युटीवर. ग्रुपवर आहेत ते, त्यांनाच विचारा.

निखिल सी-४०२: आपला हॉल का नाही उघडत दोन ते चार? वर्षाकाठी तीन बारशी सोडली तर बंदच असतो.

सचिव: हॉलचं लाइट बिल वेगळं येतं. पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ.

निखिल सी-४०२: मीटिंग ऑगस्टात. बाळच येईल सहीला.

कुळकर्णी काका ए-१०२: पार्किंग ही खेळाची जागा नाही. हॉलला माझी हरकत नाही. हे पूर्वीच सुचवलं होतं, कोणी वाचत नाही.

सचिव: ठीक. दोन ते चार. एसी नाही, कूलर. पाणी पालकांनी भरायचं, चावी चौकीदाराकडे.

सीमा ए-४०१: टाकीत साचलेलं पाणी आठवड्याला ओतून, घासून घ्या. डेंग्यूचे डास त्यातच होतात.

देशमुख वहिनी ए-३०१: हॉलच्या कूलरची मोटर मार्चपासून जळलेली आहे 🙏

बोंडे भाऊ सी-२०४: माया जुना कूलर गच्चीवर हाय. उतरवाले चार माणसं लागन.

कुळकर्णी काका ए-१०२: सहानंतर. वाळ्याच्या ताट्या मी देतो, पण परत मिळाल्या पाहिजेत.

बोंडे भाऊ सी-२०४: काका, तुमच्या ताट्या तर मागच्या उन्हाळ्यापासून देशमुखांकडेच हायेत ना?

*देशमुख वहिनी टाइप करत आहेत…*