एचएमआयएसचे (सरकारी आरोग्य माहिती प्रणालीचे) आकडे वर गेल्यावर पुढे काय होतं?

प्रश्न: उपकेंद्रातून दर महिन्याला रिपोर्ट जातो, लसीकरण, बाळंतपणं, एएनसी (गरोदर बायकांची तपासणी) सगळं, पण त्यावरून प्लॅनिंग खरंच होतं का?

उत्तर: होतं ना. पेंटा-१ (पेंटाव्हॅलंट लसीचा पहिला डोस) किती बाळांना दिली नि पेंटा-३ (तिसरा डोस) किती ते बघायचं, गळती, म्हणजे पहिला घेऊन तिसऱ्याला न आलेली बाळं, १० टक्क्यांच्या वर गेली की कुठल्या उपकेंद्रात बाळं सुटतायत ते कळतं, मग तिथे जादा सत्र लावायचं, आशाताईंकडून यादी करून घ्यायची.

उत्तर: एचएमआयएसचं पोर्टल २००८ पासून आहे, जिल्ह्याच्या पीआयपीत (कार्यक्रम अंमलबजावणी आराखड्यात) पैसे मागताना पण हेच आकडे लागतात. शहरात मात्र खासगी हॉस्पिटलांची माहिती नीट येत नाही, म्हणून चित्र अर्धवट.

उत्तर: आणि प्लीज, रकाना रिकामा सोडू नका, निरंक असेल तर शून्य टाका, नाहीतर काम झालं नाही की रिपोर्टच आला नाही हे वरच्यांना कसं कळणार?