मदत हवी आहे: परसातल्या अंड्यांच्या कोंबड्या किती घ्याव्यात? खुराडा कसा बांधावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही चिपळूण तालुक्यातले. घरात सहा माणसं. दोन-चार गावठी कोंबड्या सासूबाईंच्या वेळेपासून दारात आहेतच, पण त्या वर्षाला ६०-७० अंडी देणार आणि मधेमधे अंडी थांबवून खुडूक, म्हणजे उबवायला, बसणार. मुलांना रोज अंडं मिळावं, वाडीतल्या दोन-तीन घरांना देता यावं, एवढीच इच्छा आहे. धंदा करायचा नाही.

ग्रामप्रियाच्या तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या) आणाव्यात असं ठरतंय. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठीच काढलेली जात, मोकळ्यावर वर्षाला १६०-१८० अंडी धरतात. म्हणजे १२ कोंबड्यांची दिवसाला पाचेक अंडी झाली. आम्हाला पुरे. पण ह्यांचं म्हणणं, खुराडा बांधतोच आहोत तर २५ घेऊ.

घरामागे चिऱ्यांचा जुना चौथरा आहे, ८ बाय ६ फूट. कोंबडीला २ चौरस फूट लागतात असं सगळीकडे वाचलं, त्या हिशोबाने २४ बसतात. तरी मला धाकधूक वाटते. जून ते सप्टेंबर आमच्याकडे दिवसदिवस पाऊस थांबत नाही, कोंबड्या बाहेर पडतच नाहीत. खाली घातलेला तूस दोन दिवसांत ओला होतो आणि मग रक्ती हगवण आलीच.

दुसरी काळजी मुंगसाची. गेल्या पावसाळ्यात त्याने कोपऱ्यातली षटकोनी जाळी उचकटून दोन कोंबड्या नेल्या. सकाळी जाळीच्या तारेला पिसं अडकलेली आणि आत बाकीच्या एका बाजूला दाटीने उभ्या. पुन्हा ते बघायचं नाही.

किती घेऊ? भिंत किती, जाळी किती? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, तुमची धाकधूक बरोबर आहे. २ चौरस फुटांचा हिशोब कोरड्या शेडचा. कोकणात कोंबड्या पावसाळ्यात कशा राहतील यावर संख्या ठरवायची. तुमच्या चौथऱ्यावर १२ म्हणजे प्रत्येकीला ४ चौरस फूट. तेवढ्यावरच थांबा. दाटी झाली की ओल वाढते, कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात, अंडी फोडून खायला लागतात. शिवाय पावसात बाहेरचं चरणं बंद, म्हणजे सगळं खाद्य तुम्हीच घालणार. कोंबडीला दिवसाला ११० ग्रॅम धरलं तर १२ जणींना महिन्याला ४० किलो. २५ चं खाद्य दुप्पट, हे भाऊंना सांगा.

नैऋत्येकडची बाजू चिऱ्यांनी पूर्ण बंद करा, झड तिकडूनच येते. बाकी तीन बाजूंना दीड फूट भिंत आणि वर जाळी. पत्रा भिंतीच्या बाहेर तीन फूट तरी काढा. पावसाला घाबरून ताडपत्रीने सगळं गुंडाळू नका, हवा कोंडते. रोज सकाळी खाली वाकून वास घ्या. डोळे चुरचुरले तर तूस तेव्हाच बदला.

मुंगसासाठी अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या आणि खालची कड सिमेंटमध्ये गाडा. षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवते, मुंगसाला अडवत नाही.

बसायला दांडा प्रत्येकीला ८ इंच. अंडी घालायला पाच कोंबड्यांमागे एक खोकं, म्हणजे तुम्हाला तीन, अंधाऱ्या कोपऱ्यात आणि दांड्यापेक्षा खाली. वर ठेवलीत तर रात्री त्यातच झोपून घाण करतात.

तलंगा घेताना मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस कधी दिली ते विचारा.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. कवच पातळ होऊ नये म्हणून तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजून, कुटून वेगळ्या भांड्यात ठेवा, लागतील तशा खातात. नुसत्या अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. पण तुमच्या गावठी कोंबड्या काढू नका. ग्रामप्रिया फारशी खुडूक बसत नाही, पिल्लं हवी असतील तर अंडी गावठीखालीच ठेवावी लागतात.

धागाकर्ती

खूप आभार. ह्यांना वाचून दाखवलं, १२ वर एकमत झालं. गावठी कोंबड्या त्याच खुराड्यात ठेवल्या तर नव्या तलंगांना टोचतील का? की मधे जाळी घालून काही दिवस वेगळ्या ठेवू?