मुलगी ऐकते, पण नवे शब्द बोलत नाही

प्रश्न (फोंडा): मुलगी ३ वर्षांची. घरात कोंकणी, पुस्तकं मराठी. रोज वाचून दाखवते, ती नुसती ऐकते. काय बदलू?

उत्तर (म्हापसा): सलग वाचू नका. पानाला एकच प्रश्न, ‘हा काय करतोय?’ मग ५ सेकंद थांबा. बरेच पालक इथेच चुकतात, उत्तर स्वतःच देतात. ती ‘होडी’ म्हणाली की ‘हो, मोठी होडी मांडवीतून चाललीय’ असं वाढवा आणि तिच्याकडून म्हणवून घ्या. तेच पुस्तक आठवडाभर ठेवा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ व्हाइटहर्स्ट यांच्या १९८८ च्या प्रयोगात अशा वाचनाने महिन्याभरात लहान मुलांचं बोलणं पुढे गेलं होतं.

प्रश्नकर्ती: थांबूनही गप्पच राहिली तर?

उत्तर (डिचोली): दोन पर्याय द्या, ‘होडी की बस?’ कोंकणीत उत्तर आलं तरी बरोबरच धरा, मराठी शब्द तुमच्या वाक्यात येऊ द्या. अक्षरओळखीसाठी तिच्या नावाचं पहिलं अक्षर पानावर शोधायला लावा. एका बैठकीत एवढंच, नाहीतर गोष्टीतला रस जातो.