प्रति: गाडीशिवाय कोकण किनारा

खाड्या आडव्या येत असल्यामुळे प्रत्येक वेळी महामार्गावर परतावे लागते आणि म्हणून स्वतःच्या गाडीशिवाय किनारा पाहता येत नाही, हा वरचा मुद्दा मला मान्य नाही. दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, वेसवी ते बागमांडला आणि आगरदांडा ते दिघी या फेरीबोटी केवळ वाहनांसाठी नाहीत. पायी प्रवाशालाही थोड्या पैशांत त्या पलीकडे नेतात. दापोलीहून एसटीने दाभोळ गाठून वाशिष्ठी ओलांडली की चिपळूणचा वळसा टळतो आणि धोपाव्याहून गुहागर जवळच आहे. पुढे तवसाळला शास्त्रीची खाडी पार केली, की जयगडमार्गे गणपतीपुळे येते.

खरी अडचण वेळेची आहे. आडगावी संध्याकाळी जाणारी शेवटची एसटी पुष्कळदा तेथेच मुक्कामी राहते आणि पहाटे तालुक्याकडे निघते, त्यामुळे ही मुक्कामी गाडी कोणत्या गावाला जाते हे आगारातील चौकशी खिडकीवर आधी विचारून मगच रात्रीच्या निवाऱ्याचे ठरवावे. एसटीचा चार किंवा सात दिवसांचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास लांब पल्ल्यासाठी उत्तम आहे. अशा तुकड्यातुकड्यांच्या प्रवासात मात्र साधे तिकीटच परवडते. त्यातही मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे लागते, हे खर्चाचा हिशेब मांडताना जरूर धरावे.